चॅपलन फादरांचं मासिक रिकलेक्शन: मौन उत्तम, कन्फेशनची रांग त्रासाची

पश्चिम उपनगरातल्या एका पॅरिशमध्ये प्रापंचिकांच्या मंडळासाठी त्यांचे चॅपलन, म्हणजे मंडळाला नेमून दिलेले धर्मगुरू, मराठीतून रिकलेक्शन, म्हणजे काही तासांचं प्रार्थना-चिंतन, घेतात. महिन्याचा दुसरा रविवार, दुपारी ३ ते ६.३०. फी नाही, चहा-वड्याचा खर्च मंडळाचा.

यातला पहिला तास सर्वात मोलाचा. प्रवचन २० मिनिटं, त्यानंतर मौन ४० मिनिटं. इतर ठिकाणी बहुधा उलटं असतं. फादर पाऊण तास बोलतात, शांततेला दहा मिनिटं उरतात आणि तीही सूचना वाचण्यात जातात. इथे फादर घड्याळ समोर ठेवतात आणि वाक्य अर्धवट राहिलं तरी थांबतात.

उताराही आटोपशीर. बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान, १०:४६–५२, आंधळा बार्तिमय, फक्त सात वचनं. एकदा सावकाश वाचायचं, थोडं थांबून पुन्हा वाचायचं आणि मन जिथे अडेल तिथेच बसून राहायचं. फादर स्वतः ५०व्या वचनाशी थांबतात. बार्तिमय अंगावरचं वस्त्र टाकून उठतो. रस्त्याकडेला बसणाऱ्याचं तेवढंच पांघरूण, आणि ते त्याने दृष्टी मिळायच्या आधीच टाकलं. एवढं बोलून फादर गप्प. ‘तुमचं वस्त्र कोणतं’ याचं उत्तर ते पुरवत नाहीत. भल्याभल्या प्रवचनकारांना हे गप्प राहणं साधत नाही.

घरी न्यायला एक चिठ्ठी मिळते, संत इग्नेशियसच्या आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे लिहिलेली: आभार, प्रकाशाची मागणी, दिवसाची उजळणी, क्षमायाचना, उद्याचा निश्चय. दहा मिनिटांचं काम. अंधेरीला लोकल पकडून बोरिवलीला उतरेपर्यंत उभ्याउभ्याही होतं. प्रापंचिकाची साधना त्याच्या संसाराचा आणि नोकरीधंद्याचा रंग घेऊन यावी, असं कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५च्या आदेशात आहेच. रोज तासभर आराधना करा म्हणून सांगितलं, तर दुसऱ्या आठवड्यात बंद पडते आणि वर अपराधीपणा येतो. चिठ्ठीवर एक टप्पा मात्र निसटता लिहिलाय. उजळणी म्हणजे चुकांची यादी नव्हे, देव दिवसभरात कुठे भेटला हेही पाहायचं असतं. नवख्याला ते चिठ्ठीवरून कळत नाही.

आता कन्फेशन, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली. ४.४५ ते ५.२५, म्हणजे ४० मिनिटं, आणि फादर एकटेच. पंधरा जण आले आणि प्रत्येकी पाच मिनिटं धरली, तर सव्वा तास लागतो. मग शेवटच्यांची कबुली उरकली जाते किंवा त्यानंतरची मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, लांबते. शेजारच्या पॅरिशमधून आणखी एक धर्मगुरू बोलावून मौनाच्या वेळेतच सुरुवात केली, तर प्रश्न मिटेल. दुसऱ्या फादरांची गरज आणखी एका कारणाने आहे. इथले चॅपलन मंडळाच्या कमिटीतही बसतात, खजिनदार निवडताना त्यांचं मत विचारलं जातं. कन्फेशनमध्ये कळलेली गोष्ट कारभारात कोणत्याही प्रकारे वापरायची नाही, असं चर्चच्या कायद्यातलं कलम, कॅनन ९८४ सांगतो. पैशाची चूक कबूल करून गेलेल्या सदस्याच्या नावाला फादर विरोध करू शकत नाहीत, आणि गप्प बसले तरी लोक अर्थ काढतात. पसंतीच्या धर्मगुरूकडे कबुली देण्याची मोकळीक कॅनन ९९१ देतो, पण दुसरा धर्मगुरू समोर असेल तरच तिचा उपयोग. चॅपलननी निवडीच्या बैठकीला जाऊच नये, हे सर्वात सोपं.

खासगी मार्गदर्शन वेळ ठरवून मिळतं, अर्धा तास, काचेच्या दाराच्या खोलीत. घरातली मारहाण किंवा नैराश्य असं काही निघालं की फादर समुपदेशकाकडे पाठवतात, ‘प्रार्थना करा’ म्हणून बोळवण करत नाहीत. आजारी सदस्यांना घरी कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, नेण्याचं काम मात्र ढिलं आहे. यादी आहे, पण नावांपुढे वार नाहीत. लिफ्ट नसलेल्या इमारतीतल्या आजींना कुणी यायचं ठरलंय हेच ठाऊक नसतं.

पावसाळ्यात पुढच्या रांगेत बसावं, पत्र्यावरच्या आवाजात मागे काही ऐकू येत नाही. चहा ४.३०ला. मिस्सा ५.३०ची, म्हणजे कम्युनियन ६च्या सुमारास, त्यामुळे कम्युनियनआधीचा तासाभराचा उपास आपोआप पाळला जातो. फक्त उरलेले वडे ५.१५ला पुन्हा फिरवतात, तेव्हा हात आवरायचा.