उसाच्या खोडव्यातलं तण: नुसता पंप की पाचट आणि खुरपं?

खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस. करवीरातल्या आमच्या काळ्या रानात दोन्ही करून झालंय. आधी सलग चार वर्षं नुसतं पंपानं तणनाशक औषध, आणि गेली तीन वर्षं पाचट (उसाची वाळकी पानं सरीत अंथरून), खुरपं आणि अगदी गरज पडली तरच पंप.

पंपाला वेग आहे, ते नाकारत नाही. भांगलायला बायका मिळत नाहीत, एकमेकांच्या रानात राबायचा पैराही राहिला नाही. पहिली दोन वर्षं सऱ्या लख्ख होत्या. मग केना नावाचं तण मागं राहायला लागलं. एक रोप करपलेलं, त्याला खेटून दुसरं केन्याचंच हिरवंगार. दुकानदारानं ॲट्राझिन या तणनाशकाऐवजी मेट्रिब्युझिन दिलं. बदलला तो डबाच; दोन्ही औषधं पानातली अन्न तयार करायची क्रिया एकाच ठिकाणी अडवतात, त्यामुळं एकाला न जुमानणारं तण बऱ्याचदा दुसऱ्यालाही दाद देत नाही. हजारोंत एखादं रोप मुळातच वेगळं असतं, बाकीची मारून आपणच त्याला रान मोकळं करून देतो. हवाईच्या उसात केन्याच्याच भाऊबंदानं २,४-डी हे तणनाशक पचवल्याची नोंद १९५७ सालची आहे.

माझ्याकडं तसंच झालं, असं छातीठोक सांगत नाही. ओल कमी पडली असेल, नोझल झिजला असेल. मला खुपलं ते वेगळंच. फवारणीचे पैसे मोजायचे आणि वर त्याच केन्यासाठी भांगलणीचेही. बरं, औषध पडलेला केना म्हशीपुढं टाकता येत नाही. बांधावर टाकावा, तर पाऊस पडला की पेरापेराला मुळ्या फुटून तो परत सरीत. हे दोनदा झालं आणि मी पंप माळ्यावर टाकला.

पाचटाखाली बारीक बियांचं तण दबतं. चांदवेल आणि लव्हाळा ही तणं मात्र त्याला भीक घालत नाहीत. चांदवेल तर एका वर्षी शेंड्यापर्यंत चढली, तोडीच्या टोळीनं खुशाली (मजुरीवरची बक्षिसी) वाढवून मागितली, आणि द्यावी लागली. आता भरणीनंतर (उसाच्या बुडाला माती लावल्यावर) एकदा वेल उपटत फिरतो. उंदरांचाही थोडा त्रास आहे.

लागणीत, म्हणजे नव्यानं लावलेल्या उसात, तण उगवण्याआधी एक फवारणी मी अजून घेतो. दहा-बारा एकर असणाऱ्याला कदाचित पंपच परवडेल. माझं रान तीन एकर, गोठ्यात दोन म्हशी. खोडव्यातला भांगललेला केना संध्याकाळी त्यांच्यापुढं पडतो.