पाइप-निचऱ्याचं कोटेशन आलं? आधी ओढा बघून या

बारामती, इंदापूर, दौंड भागात क्षारपड उसाच्या रानासाठी जे उपाय विकले जातात, त्यांत सच्छिद्र पाइपचा भूमिगत निचरा सगळ्यांत महाग. आमच्या मते पैसे वसूल होतात ते त्यातच, पण खालच्या अंगाला पाणी सोडायला जागा असेल तरच. कोटेशनमध्ये नेमकी तीच ओळ नसते. नीरा डावा कालवा १८८५ पासून वाहतोय. पाणी आणायची आखणी तेव्हाच झाली, न्यायची अजून ओढ्यावरच सोडलेली आहे.

काम असं असतं: ८० मिमीचा कोरुगेटेड पाइप, त्यावर जिओटेक्स्टाइलची गाळणी, खोली १ ते १.२ मीटर. ओळींत २० मीटर अंतर धरलं तर एकरी साधारण २०० मीटर पाइप लागतो, १५ मीटरला २७०. कुणी अंतर वाढवून दर उतरवला तर खूश होऊ नका. भारी काळ्या जमिनीत अंतर ताणलं की दोन ओळींमधला पट्टा पांढराच राहतो.

ढाळ १०० मीटरला १० ते २० सेंमी. एवढा ढाळ नजरेला कळत नाही, लेव्हल लावावीच लागते. जेसीबीने अंदाजाने चर मारला की पाइपला मध्येच पोट येतं, तिथे गाळ बसतो आणि वरची अख्खी ओळ तुंबते. ओल्या चरात काम केलं तर चिखल गाळणीवर लिंपला जातो. वरच्या टोकाचं बूच आणि जोडावरचा गाळणीचा तुकडा बिलात हमखास असतात, चरात असतीलच असं नाही. माती लोटण्याआधी उतरून बघा.

पाइपचं तोंड ओढ्याच्या पावसाळी पातळीच्या वर हवं. नाहीतर पुरात पाणी उलटं रानात येतं. तेवढी उंची मिळत नसेल तर पाणी गोळा करायची टाकी (संप) आणि पंप आलाच, आणि त्याचं वीजबिल कायमचं.

चोपण, म्हणजे सोडियमने घट्ट झालेल्या जमिनीत नुसता पाइप टाकून भागत नाही, पाणी त्याच्यापर्यंत झिरपतच नाही. वाळलेलं ढेकूळ पावसाच्या पाण्याच्या ग्लासात हलकेच सोडा, ढवळू नका. काही तासांनी भोवती दुधासारखा गढूळ ढग राहिला तर सोडियमचा संशय धरा आणि प्रयोगशाळेत खात्री करा. सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर निचऱ्याबरोबर जिप्सम घालावंच लागेल. चुनखडीच्या जमिनीत गंधकही चालतं, पण त्याला ओल आणि वेळ द्यावा लागतो. उलट, क्षारता नुसती ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर आणि सामू ठीक असेल तर जिप्समच्या गोण्या म्हणजे निव्वळ खर्च.

जमिनीखाली निचऱ्यासाठी बीळ पाडणारा मोल नांगर स्वस्त, चिकण जमिनीत चांगला चालतो. पण दर काही वर्षांनी पुन्हा फिरवावा लागतो, आणि चोपण मातीत बीळ लवकर ढासळतं. निलगिरी लावली तर जमिनीतलं पाणी खाली उतरतं, मीठ तिथेच राहतं.

आणि ते मीठ जातं कुठे? एका एकरातून दिवसाला २ मिमी निचरा म्हणजे ८,००० लिटर पाणी. त्याची क्षारता ४ असेल तर ढोबळमानाने २० किलो क्षार रोज. दौंडचा ओढा भीमेतून उजनीत उतरतो, इंदापूरच्या दक्षिणेचा नीरेत. बाष्पीभवन तळं हा पर्याय कागदावर छान दिसतो, पण तळ्याखाली जागा अडकते आणि तळ झिरपला तर शेजाऱ्याचं रान जातं. कॅलिफोर्नियात केस्टरसनच्या तळ्यांत निचऱ्याबरोबर सेलेनियम साचलं आणि १९८३ मध्ये पक्ष्यांची पिल्लं विकृत निघाली. त्यापेक्षा निचऱ्याचं पाणी कालव्याच्या पाण्यात मिसळून सोसणाऱ्या पिकाला देणं परवडतं: उसाचं उत्पादन मातीची क्षारता १.७ ओलांडताच घटू लागतं, कापूस ७.७ पर्यंत तग धरतो. ठिबकने तर निचऱ्याचं पाणीच कमी होतं. फक्त पहिल्या पावसात ठिबक बंद करू नका, कडेला साचलेले क्षार मुळांत येतात.

शेवटचा हप्ता बादली लावल्याशिवाय देऊ नका. आराखड्यात २ मिमी धरले असतील तर भरपूर भिजवणीनंतर, एका एकराच्या तोंडाशी, १० लिटरची बादली दोन मिनिटांच्या आत भरायला हवी.