एमडीकॅल्क: युरिया की बीयूएन, हे आधी पाहा

वैद्यकीय गणनांसाठीचं एमडीकॅल्क हे संकेतस्थळ २००५ पासून चालू आहे. वापरायला फुकट आहे. नोंदणी केली की आवडती गणनं तारांकित करून वेगळी ठेवता येतात. न्यूमोनियाचा रुग्ण दाखल करायचा की घरी पाठवायचा, मूत्रपिंड किती काम करतंय, भाजलेल्याला किती सलाईन द्यायचं, अशा शेकडो प्रश्नांची सूत्रं आणि गुणांकनं इथे एका जागी मिळतात. इंटर्न, रेसिडेंट आणि ग्रामीण रुग्णालयात एकट्याने रात्रपाळी सांभाळणारे वैद्यकीय अधिकारी यांच्यासाठी हे साधन मोलाचं आहे. बेरीज-गुणाकारात ते चुकत नाही. रुग्णाचं नुकसान होतं ते चुकीचा आकडा चुकीच्या चौकटीत भरल्याने, किंवा ज्या रुग्णासाठी सूत्र बनलंच नाही त्याला ते लावल्याने.

प्रत्येक पानाची रचना साधारण सारखी असते. वर गणन कधी वापरायचं, त्यात कुठे ठेच लागते आणि ते का वापरायचं याचे छोटे कप्पे, मध्ये माहिती भरायच्या चौकटी, खाली निकाल. निकालाखाली पुढे काय करावं याचा सल्ला, मूळ अभ्यासाचे दाखले आणि काही पानांवर सूत्र तयार करणाऱ्या डॉक्टरांचं स्वतःचं म्हणणं. घाईत सगळे थेट चौकटींकडे जातात. निदान पहिल्या वेळी तरी वरचे कप्पे उघडून वाचावेत, कारण या संकेतस्थळाची खरी किंमत तिथे आहे. नुसती बेरीज तर कागदावरही होते.

आता एककांकडे. आपल्याकडच्या बऱ्याच प्रयोगशाळा रिपोर्टवर ‘ब्लड युरिया’ लिहितात. अमेरिकी सूत्रांना हवा असतो बीयूएन, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. युरियाच्या रेणूचं वजन ६०, त्यातल्या नायट्रोजनचं २८. म्हणून युरियाला २.१४ ने भागलं की बीयूएन मिळतो. दोन्ही मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरमध्येच छापले जातात, त्यामुळे एकक पाहून फरक कळत नाही. रिपोर्टवरचं नावच वाचावं लागतं.

न्यूमोनियाची तीव्रता मोजणाऱ्या कर्ब-६५ गुणांकनात पाच गोष्टी आहेत, प्रत्येकीला १ गुण: गोंधळलेली शुद्ध, बीयूएन १९ च्या वर, श्वसन मिनिटाला ३० किंवा जास्त, वरचा रक्तदाब ९० च्या खाली किंवा खालचा ६० पर्यंत, आणि वय ६५ किंवा जास्त. समजा ६६ वर्षांचा रुग्ण, श्वसन २४, रक्तदाब आणि शुद्ध व्यवस्थित, रिपोर्टवर युरिया ३८. घाईत ‘१९ च्या वर’ म्हणून होय दाबलं तर गुण २, म्हणजे दाखल करण्याचा विचार. प्रत्यक्षात बीयूएन १७.८ आहे, गुण १. युरियाच्या भाषेत ही सीमा ४२ च्या आसपास येते. ही संख्या वॉर्डातल्या फळ्यावर लिहून ठेवण्यासारखी आहे.

इथली चूक निदान सावध बाजूची आहे. रक्ताच्या ऑस्मोलॅलिटीच्या, म्हणजे रक्तात विरघळलेल्या कणांच्या प्रमाणाच्या, गणनात तीच चूक उलट्या बाजूने घात करते. सूत्र असं: सोडियमची दुप्पट, अधिक साखर भागिले १८, अधिक बीयूएन भागिले २.८. विषारी दारू प्यायल्याचा संशय असेल तेव्हा यंत्राने मोजलेल्या आकड्यातून हा हिशेबाचा आकडा वजा करतात. १० पेक्षा मोठी दरी राहिली तर मिथेनॉलकडे, म्हणजे विषारी दारूतल्या अल्कोहोलकडे, बोट जातं. सोडियम १३६, साखर १०८, युरिया ८४ असलेला रुग्ण घ्या. योग्य हिशेब: २७२ अधिक ६ अधिक १४, म्हणजे २९२ (युरियाच असेल तर २.८ ऐवजी ६ ने भागायचं). यंत्राने ३१७ दाखवले असतील तर दरी २५, धोक्याची. तोच ८४ बीयूएनच्या चौकटीत भरला तर हिशेब ३०८ येतो आणि दरी फक्त ९ उरते. पान निमूटपणे ‘ठीक’ दाखवतं आणि रुग्णाची दृष्टी जाऊ शकते. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. अशा रात्री हे गणन खरोखर लागतं. रुग्णाने साधी दारूही प्यायलेली असेल तर इथेनॉलची (साध्या दारूतल्या अल्कोहोलची) पातळी हिशेबात धरावी लागते. शिवाय उशिरा आलेल्या रुग्णात मिथेनॉलचं फॉर्मिक आम्ल झालेलं असतं, त्यामुळे दरी कमी होऊन रक्ताची आम्लता वाढलेली दिसते. दरी नॉर्मल आली म्हणून विष नाही, असं ठरवता येत नाही.

एककाच्या शब्दावर टिचकी मारली की ते बदलतं, ही सोय चांगली आहे, पण बोट चुकून लागू शकतं. क्रिएटिनिनचं (मूत्रपिंड गाळून टाकतं त्या रक्तातल्या टाकाऊ पदार्थाचं) एकक मायक्रोमोल झालं आणि १.२ तसाच राहिला, तर निकाल हास्यास्पद मोठा येतो आणि चूक लगेच दिसते. मिलिग्रॅमचा आकडा ८८.४ ने गुणला की मायक्रोमोल मिळतात. आकडा मोठ्या फरकाने चुकला तर डोळ्यांत भरतो. युरियाची चूक दुपटीचीच असल्यामुळे लपून राहते.

दुसरी ठेच पानाच्या रचनेतली आहे, आणि ती सुधारायला हवी असं स्पष्ट म्हणावंसं वाटतं. होय-नाही स्वरूपाच्या गुणांकनांत ‘नाही’ आधीच निवडलेलं असतं. पान उघडताच शून्य गुण तयार. युरियाचा रिपोर्ट अजून आलेला नाही, श्वसन कोणी मोजलेलं नाही, तरी पान त्यांना ‘नाही’ धरून निकाल देतं. तपासलं नाही आणि तपासून नाही आढळलं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिपोर्ट यायचा असेल तर कर्ब-६५ चं रक्ततपासणीविना रूप, म्हणजे सीआरबी-६५ वापरावं. आणि श्वसन पूर्ण एक मिनिट मोजावं. केस पेपरवर सगळ्यांचंच श्वसन १८ किंवा २० लिहिलेलं असतं, त्यावर कोणतंही गुणांकन टिकत नाही.

सूत्र कोणत्या रुग्णांवरून बनलं, हे तर त्याहून जास्त पाहावं लागतं. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या आजारात, रक्त पातळ करायचं औषध द्यायचं की नाही, यासाठी चॅड्स-व्हॅस्क गुणांकन आहे. जगभर वापरतात. पण मध्यम किंवा तीव्र मायट्रल स्टेनोसिस (हृदयाची मायट्रल झडप आकसणं) असलेल्यांसाठी ते नाही. आपल्याकडे रुमॅटिक तापाने झडप आकसलेल्या तरुण बायका अजूनही येतात. ३२ वर्षांची अशी रुग्ण भरून पाहा: वय नाही, मधुमेह नाही, रक्तदाब नाही, स्त्री म्हणून १ गुण. पान धोका कमी म्हणेल. ते पूर्ण चूक आहे. अशा रुग्णाला गुण न मोजताच रक्त पातळ करायचं औषध लागतं, आणि तेही वॉरफरिनच्या जातीचं. रुमॅटिक रुग्णांमधल्या २०२२ च्या मोठ्या चाचणीत रिव्हारॉक्साबान या नव्या गोळीपेक्षा जुन्या औषधाचे निकाल चांगले आले. इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट हातात नसेल तर हे गणन उघडूच नये. युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी स्त्री असण्याचा गुणही काढून टाकला आहे, म्हणून कोणतं रूप वापरलं ते लिहावं.

हृदयविकाराच्या दहा वर्षांच्या जोखमीचंही तसंच. २०१३ च्या अमेरिकी सूत्रात वंशासाठी गोरे, आफ्रिकन अमेरिकन आणि इतर एवढेच पर्याय आहेत. आपला माणूस ‘इतर’मध्ये जातो आणि त्याचा हिशेब गोऱ्यांच्या समीकरणाने होतो. अमेरिकेच्याच २०१८ च्या सूचनांनी दक्षिण आशियाई असणं हा जोखीम वाढवणारा घटक मानला आहे, म्हणून निकाल सीमेवर असेल तर तो वरच्या बाजूचा धरावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या तक्त्यांत दक्षिण आशियाचा स्वतंत्र तक्ता आहे, कोलेस्टेरॉलशिवाय बीएमआयवर (उंचीच्या मानाने वजनावर) चालणारं रूपही आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी तो बरा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना तिथलं क्यूरिस्क-३ हे जोखमीचं गणन जवळचं, त्यात ‘भारतीय’ हा पर्याय आहे. बीएमआयचं पानही जागतिक पट्टीने वाचू नये. १६५ सेंटिमीटर उंची आणि ६५ किलो वजन म्हणजे २३.९. जागतिक पट्टीवर नॉर्मल, पण भारतीयांसाठी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात.

मूत्रपिंडाचं गणन सगळ्यात जास्त वेळ देण्यासारखं आहे, कारण त्यावर औषधाचा डोस ठरतो. ६० वर्षांची बाई, उंची १५०, वजन ४५ किलो, क्रिएटिनिन १.२. रिपोर्टवर हा आकडा फारसा लाल दिसत नाही. सीकेडी-ईपीआयच्या २०२१ च्या सूत्राने तिचा जीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग, ५२ येतो (त्याच वयाच्या, त्याच क्रिएटिनिनच्या पुरुषाचा ६९). तिलाच कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट हे वजन धरणारं दुसरं सूत्र लावलं तर १४० वजा ६०, गुणिले ४५, भागिले ७२ गुणिले १.२, आणि स्त्री म्हणून गुणिले ०.८५, म्हणजे ३५. एकाच बाईचे ५२ आणि ३५. कुठला खरा, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. सीकेडी-ईपीआयचा आकडा १.७३ चौरस मीटर शरीरक्षेत्रासाठीचा आहे, आणि या बाईचं क्षेत्र जेमतेम १.३७ आहे. त्या प्रमाणात कमी केला की तो ४१ वर येतो. आजाराचा टप्पा ठरवायला सीकेडी-ईपीआय. डॅबिगाट्रान, रिव्हारॉक्साबानसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधांच्या चाचण्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्टवर झाल्या, म्हणून त्यांच्या डोससाठी तेच. आणि क्रिएटिनिन रोज चढत असेल, उदाहरणार्थ लेप्टोस्पायरोसिसच्या रुग्णात, तर दोन्ही निरुपयोगी. सूत्रं क्रिएटिनिन स्थिर आहे असं गृहीत धरतात. चढत्या काळात मूत्रपिंड जवळपास बंद असलं तरी आकडा बरा दिसतो.

शिकवण्यासाठी याच पानाचा वापर फार छान होतो. तीच बाई ठेवा आणि फक्त क्रिएटिनिन बदलत जा: ०.७ ला ९९, ०.९ ला ७३, १.२ ला ५२, १.५ ला ४०. मग ३.० ला १७ आणि ३.३ ला १५. खालच्या टोकाला ०.३ ची वाढ २१ एकक खाते, वरच्या टोकाला तीच वाढ फक्त २. ‘क्रिएटिनिन ०.९ वरून १.२ झालं, काही नाही’ हे वाक्य राउंडमध्ये पुन्हा ऐकू येत नाही. पुस्तकातली वक्ररेषा पाहून हे डोक्यात बसत नाही, स्वतः आकडे बदलले की बसतं. शिक्षकांनी क्रम मात्र पाळावा. आधी एक उदाहरण कागदावर हाताने सोडवायचं, मग पानावर पडताळायचं, मग एकेक चौकट बदलून कोणती किती वजनाची आहे ते शोधायचं. पल्मनरी एम्बोलिझमच्या (फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकण्याच्या) वेल्स गुणांकनात हे केलं की लक्षात येतं, ‘हेच निदान सर्वांत संभवनीय’ या एका मताला तब्बल ३ गुण आहेत, आणि थुंकीतून रक्ताला १. क्षयरोग घरोघरी ओळखीचा असलेल्या भागात तो १ गुण कितपत धरायचा, यावर वर्गात अर्धा तास चर्चा होऊ शकते, आणि व्हावी.

भाजलेल्या रुग्णाचं पार्कलँड सूत्र: ४ मिलिलिटर गुणिले वजन गुणिले भाजल्याची टक्केवारी. ६० किलो, ३० टक्के, म्हणजे २४ तासांत ७२०० मिलिलिटर रिंगर लॅक्टेट सलाईन, त्यातले निम्मे पहिल्या ८ तासांत. हे ८ तास भाजल्याच्या क्षणापासून मोजायचे, रुग्णालयाच्या दारापासून नाही. तालुक्याहून जिल्ह्याला यायला ३ तास गेले आणि वाटेत काही दिलं नाही, तर ३६०० उरलेल्या ५ तासांत बसवायचे: ताशी ४५० नव्हे, ७२०. नुसती लाल झालेली कातडी टक्केवारीत धरायची नाही. एटीएलएस या अपघातग्रस्तांच्या उपचारांच्या अभ्यासक्रमाच्या दहाव्या आवृत्तीत प्रौढांना ४ ऐवजी २ पासून सुरुवात सांगितली आहे, त्यामुळे आकडा फक्त सुरुवातीचा, पुढचं लघवीवर ठरवायचं: प्रौढात ताशी किलोमागे अर्धा मिलिलिटर.

रुग्णांनी घरी बसून स्वतःचे आकडे भरण्यासाठी हे साधन नाही, आणि ते मराठीतही नाही. निकाल रुग्णाला समजावताना ‘सात टक्के जोखीम’ म्हणण्यापेक्षा ‘तुमच्यासारख्या १०० जणांपैकी ७ जणांना दहा वर्षांत झटका येतो’ असं सांगावं. गोळी घ्यायची की नाही हे त्यांना त्यावरून ठरवता येतं.

निकाल कॉपी करण्याचं बटण आहे, पण केस पेपरवर नुसता गुण उतरवू नये. दुसऱ्या पाळीच्या डॉक्टरला तो तपासता आला पाहिजे. नोंद अशी असावी: ‘कर्ब-६५ = २. वय ७०, श्वसन ३२. युरिया ३४, म्हणजे बीयूएन १५.९. रक्तदाब ११०/७०, शुद्ध व्यवस्थित. रात्री १०.४०.’