गोठलेला धबधबा बघायचाय: द्रुंगला जावं की नेरकला?

दिवाळीचा फराळ संपत आला की गोठलेला धबधबा बघायला काश्मीरातल्या द्रुंगला जावं की लडाखमधल्या नेरकला, हा विषय आमच्या ट्रेकवाल्यांमध्ये निघतोच. बहुतेकांच्या हातात नोव्हेंबरअखेरची रजा असते आणि पहिली अडचण तिथेच येते. धबधब्याचं पाणी शून्य अंशाला लगेच गोठत नाही. आधी तुषार कातळाला धरतात, मग बर्फाचे सुळे लोंबू लागतात. कित्येक रात्री पारा शून्याच्या बराच खाली राहिला, तरच ते सुळे जुळून बर्फाचा खांब उभा राहतो. नोव्हेंबरात काश्मीरला गेलात तर फार तर काठाला लटकलेले सुळे दिसतील. म्हणून आधी तारीख ठरवा, मग ठिकाण.

द्रुंगचा धबधबा श्रीनगर-गुलमर्ग रस्त्यावरच्या तंगमर्गजवळ आहे. २१ डिसेंबरला तिकडे चिल्लई कलां, म्हणजे चाळीस दिवसांची कडक थंडी सुरू होते. जायचं ते त्याच दिवसांत. मुंबईहून श्रीनगरला थेट विमान आहे, चार-पाच दिवसांच्या रजेत सगळं बसतं. श्रीनगर १,५८५ मीटरवर आणि आपलं कळसूबाई १,६४६ मीटरवर, त्यामुळे श्रीनगरला उतरल्यावर विरळ हवेचा त्रास होत नाही. आईवडील किंवा मुलं बरोबर असतील तर मी डोळे झाकून द्रुंगच सांगेन. चाल थोडी आहे, गर्दी मात्र असते, आणि माणसांच्या पायांनी तुडवून वाटेवरचा बर्फ काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो. तिथे गमबूट घसरतात. बुटांवर चढवायचे मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बर्फात रुतणाऱ्या छोट्या खिळ्यांचे पट्टे, मुंबईहूनच न्या. आणि खांबाच्या अगदी खाली उभं राहून फोटो काढू नका, दुपारच्या उन्हात सुळे तुटून पडतात.

नेरकचं सगळंच वेगळं. लडाखमधली झंस्कार नदी गोठली की तिच्या पाठीवरून, म्हणजे चादरवरून चालत तिथे पोचायचं. हंगाम जानेवारी ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध. रात्री पारा उणे २५ पर्यंत उतरतो. सांताक्रूझला आजवरचा नीचांक ७.४ अंश आहे, तोही २२ जानेवारी १९६२ चा, तेव्हा ही थंडी मुंबईत बसून कळणारच नाही. पण माणसाला आडवं करते ती उंची. लेह ३,५०० मीटरवर आहे, कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. विमानातून उतरलो त्या संध्याकाळी पाठीवर सॅक घेऊन गेस्टहाउसचा जिना चढताना मी सातव्या पायरीवर कठडा धरून थांबलो होतो. आमच्यातल्या एकाची डोकेदुखी तीन दिवस उतरली नाही. तो वैद्यकीय तपासणीत अडकला आणि तिथूनच परतला. ही तपासणी सक्तीची आहे आणि ती असायलाच हवी. लेहमधले विसाव्याचे दिवस धरून दहा दिवसांची रजा लागते. रजा कमी आहे म्हणून विसाव्याचा दिवस कापणार असाल, तर कृपा करून जाऊच नका.

एवढं करून मिळतं काय? दरीत सकाळी ऊन यायच्या आधी निळसर, घट्ट बर्फाचा पडदा समोर उभा असतो. मी लोकरी हातमोज्याने त्याला हात लावला तर मोजा ओला होऊन चिकटलाच. कान लावला तेव्हा आत पाणी वाहताना ऐकू आलं. तो आवाज मी विसरलेलो नाही. मार्च २०२४ मध्ये झंस्कार खोऱ्यातून जाणारा ‘निम्मू-पदुम-दारचा’ हा रस्ता जोडला गेला, त्यामुळे चादरवरची चाल आता पूर्वीइतकी लांब राहिलेली नाही. नेरक मनात असेल तर फार वर्षं पुढे ढकलू नका.

बर्फात पहिल्यांदाच जाणाऱ्याने द्रुंग करावं. ३,५०० मीटरच्या वर एकदा तरी राहून आलेल्याने, दम चांगला असेल तर, नेरक करावं. दोन्हीकडे जीन्स आणि सुती बनियन नको, घामाने भिजलं की वाळत नाही. नेरकला रात्री पाण्याची बाटली उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे सकाळी झाकणाकडे पाणी राहतं.

नोव्हेंबरची रजा मात्र वाया घालवू नका. दोन दिवस काढून कसाऱ्याहून पायथ्याच्या बारी गावाला या आणि दहा किलोची सॅक पाठीवर घेऊन कळसूबाई चढा. उरलेली रजा जानेवारीसाठी राखून ठेवा.