कारवारची शिडाच्या बोटीची सफर: तांडेलाला पाच तारे, नांगराच्या सामानाला दोन

बोटवाल्याचं नाव लिहीत नाही. माणूस भला आहे, आणि जे खटकलं ते त्याच्या तोंडावर सांगून आलोय.

जानेवारीत मी, आमची मंडळी, खानापूरचा मेहुणा आणि त्याची बायको असे चौघं पहाटे चारला बेळगावातून निघालो. रामनगर, जोयडा, अणशी घाट करत साडेआठला कारवार. कुरुमगड बेटापर्यंत शिडावर जायचं, आडोशाला नांगर टाकून जेवायचं, परत यायचं. माणशी १८०० रुपये. बोट २६ फुटी, गाद्या स्वच्छ, बांगडा ताजा, सोलकढी जरा पाणचट. मी उद्यमबागेत फाउंड्रीत तीस वर्षं काढलेला माणूस. सगळे डॉल्फिन शोधत होते, मी नाळेवरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचा, नांगर बघत बसलो.

बेटाच्या आग्नेयेला बोट नेली. जागा अगदी बरोबर, कारण या दिवसांत दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो आणि बेट मध्ये आडवं येतं. पण तांडेल, म्हणजे बोट चालवणारे काका, शीड उतरवण्यात गुंतलेले असताना मदतनीस पोरानं नांगर धपकन सोडला, थोडा दोर दिला आणि गाठ मारून ताटं मांडायला गेला. दहा मिनिटांनी मेहुणा म्हणाला, "भावजी, ती मच्छीमारांची होडी मघाशी लांब होती की हो!"

होडी जागच्या जागीच होती. आम्ही सरकत होतो.

तांडेलकाकांनी ओरडाआरडा केला नाही. नाळेवर जाऊन ताणलेल्या दोरावर नुसता हात ठेवला. म्हणाले, "घसरतोय." मलाही हात ठेवायला लावला. दोर थरथरत होता, खडबडीत रस्त्यावर सायकलचं हँडल थरथरतं तसा. इंजिन लावून नांगर वर घेतला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आता हिशोब ऐका. पाणी तीन वाव, म्हणजे साडेपाच मीटर. पाण्यापासून नाळ एक मीटर वर. भरती अजून दीड मीटर चढायची होती. झाले आठ. दोराचा नांगर असेल तर त्याच्या सातपट सोडायचा, म्हणजे ५६ मीटर. पोरानं सोडला होता जेमतेम वीस. सगळी साखळीच असती तर चांगल्या हवेत पाचपट चालतं, कारण साखळीच्या वजनानं ओढ जमिनीलगत राहते. काकांनी नांगर अलगद तळाला टेकवला आणि बोट वाऱ्यानं मागे जाईल तसतसा दोर सोडला. मग इंजिन हळू उलटं चालवून ताण दिला. दोरावर हात ठेवला. शांत. तरी बाजूचं एक झाड आणि त्यामागचं कड्याचं टोक एका रेषेत धरून ते बघत राहिले. ती रेष दहा मिनिटं मोडली नाही, तेव्हा कुठे जेवायला बसले. एवढा दोर सोडला की बोट तेवढाच मोठा फेर घेते, म्हणून होडीपासूनही लांब थांबलो होतो.

मेहुण्याला हे माझ्याआधी कळलं. शेतकरी माणूस! "दोर आखूड म्हणजे ओढ वर लागणार, मग फाळ मातीत कसा राहील?" आपल्या भाषेत दोन्हीला नांगरच म्हणतात, आणि हा तर खरोखरच नांगराच्या आकाराचा होता. ही जात केंब्रिजच्या जेफ्री टेलर या गणितीनं १९३३ साली काढली, तीही पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी. निघताना काकांनी बोट नांगराच्या डोक्यावर आणली, दोर उभा ताणला, आणि फाळ चिखलासकट सुटला. मेहुणा माझ्याकडे बघून हसला.

आता दोन ताऱ्यांचं कारण. नांगर वर आल्यावर बघितलं, तर दांड्यावर साच्याची जोडरेघ स्पष्ट. म्हणजे घडीव नव्हे, ओतीव नक्कल. ओतीव पोलाद असेल तर एक वेळ चालेल, बीड (ओतीव लोखंड) असेल तर झटका बसल्यावर वाकायच्या आधी तुटेल. ग्राइंडरला लावून ठिणग्या बघितल्याशिवाय मी भरवसा देणार नाही. जस्त उडालेलं, तांबडा गंज. साखळी फक्त दोन मीटर; निदान बोटीच्या लांबीइतकी तरी हवी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शॅकलची, म्हणजे नांगर आणि साखळी जोडणाऱ्या कडीची, पिन तारेनं बांधलेली नव्हती. बोट हेलकावे खात राहिली की पिन आपोआप उलटी फिरते. मी नुसत्या बोटांनी ती अर्धा आटा फिरवली आणि मालकाला दाखवली. तो ओशाळला. पिनला तार त्यानं माझ्यासमोरच मारली. साखळी बदलतो म्हणाला. बदलली का ते ठाऊक नाही.

जायचं असेल तर सकाळची खेप घ्या, आणि तांडेल म्हातारेच आहेत ना हे विचारून घ्या. लाईफ जॅकेट मोठ्यांच्या मापाची आहेत, लहान पोरं असतील तर आधी फोन करा. काकांना कुंदा आवडतो.