गुडघे समोर टेकतात का? जादा पैसे भरण्याआधी टेप घ्या

परवा रात्री साडेदहाला मामेभावाचा मेसेज आला. पुणे–दिल्लीचं तिकीट काढताना गडी सीट निवडायच्या पानावर अडकला होता. पहिल्या रांगेतली एक्स-एल (म्हणजे पायांना जादा जागा असलेली) सीट १,५०० रुपये, इमर्जन्सी दाराजवळची ११००, मागची साधी आईल, म्हणजे वाटेकडची, ३५०, आणि काहीच निवडलं नाही तर फुकट, पण मग जी मिळेल ती. "दादा, तू उंच आहेस, तुला माहीत असेल. काय घेऊ?"

मी सहा फूट एक इंच आहे. गेली बारा-तेरा वर्षं विमानाच्या खुर्चीत गुडघे कुठे ठेवायचे या प्रश्नावर बरेच पैसे घालवलेत, त्यातले निम्मे उगाच. म्हणून त्याला सांगितलं, आधी घरातला टेप घे.

भिंतीला पाठ आणि कंबर चिकटवून ताठ खुर्चीवर बसायचं आणि भिंतीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंतचं अंतर मोजायचं. माझं साडेपंचवीस इंच भरतं. विमान कंपन्या 'पिच' म्हणून जो आकडा सांगतात तो म्हणजे तुमच्या सीटवरच्या एका बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर. म्हणजे त्यात पुढच्या सीटच्या पाठीची जाडीही आली. आपल्याकडच्या देशांतर्गत इकॉनॉमीत पिच साधारण २८ ते ३० इंच असतो. हल्लीच्या पातळ सीटची पाठ दोनेक इंच धरली, तर २८ मधून उरले २६. माझ्या गुडघ्यापुढे राहतो अर्धा इंच. पुढच्याने सीट मागे केली की तोही गेला. तुमचं माप २३ भरलं, तर तुम्हाला त्याच खुर्चीत तीन इंच मोकळे मिळतात आणि हा सगळा लेख तुमच्यासाठी थोडा कमी महत्त्वाचा ठरतो. उंचीवरून अंदाज बांधू नका. काही उंच माणसांची उंची धडात असते, पायांत नाही.

फुकटची सीट

हे आधी स्पष्ट करू, कारण वेब चेक-इनचा पडदा असा बनवलेला असतो की पैसे भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही असं वाटावं. तसं नाही. जादा सेवा प्रवाशाने मागितली तरच तिचे पैसे घ्यायचे, आधीच टिक करून ठेवायची नाही, ही डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, अट आहे. सीट निवडली नाही तर कंपनी स्वतः एक देते आणि तिचे पैसे लागत नाहीत. 'स्किप' किंवा 'नंतर' असं बारीक अक्षरांत कुठेतरी लिहिलेलं असतं, ते शोधा. नोव्हेंबर २०१८ मध्ये इंडिगोने वेब चेक-इनमधल्या सगळ्याच सीटना पैसे लावले तेव्हा बराच गदारोळ झाला होता. पण तेव्हाही विमानतळावरच्या काउंटरवर सीट फुकटच होती.

लहान मुलं बरोबर असतील तर आणखी एक गोष्ट. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने सांगितलं की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई किंवा वडिलांपैकी एकाशेजारी सीट द्यायलाच हवी. तेव्हा पोरगं दूर बसेल या भीतीने तीन सीटचे पैसे भरू नका.

फुकटच्या सीटवरही थोडी जागा कमावता येते. पाय पसरायची खरी जागा पुढच्या सीटखाली असते आणि तिथेच आपण बॅग कोंबतो. बॅग वर टाका, पावलं तिथे सरकवा.

साधी आईल

३००-४०० रुपयांत मिळणारी ही सीट मला सगळ्यात कमी लेखलेली वाटते. इंच तेवढेच, पण एक पाय अधूनमधून वाटेत काढता येतो आणि कुणाला न उठवता उठता येतं. पाऊण-एक तासाने जेवणाची गाडी गुडघ्याला लागते, एवढं सोसायचं. दीड-दोन तासांच्या प्रवासात माझ्या मापाच्या माणसालाही ही पुरते.

इमर्जन्सी दाराची रांग

खरे इंच इथे मिळतात. दारापर्यंत वाट मोकळी ठेवणं सुरक्षेच्या नियमांनुसार सक्तीचं असतं, म्हणून ही जागा तिथे आहे. एक्स-एल नाव पडायच्या आधीही होती. कंपनीने त्यासाठी एकही सीट कमी केलेली नाही. सक्तीने सोडलेल्या जागेचं हे भाडं आहे. मला त्यात गैर वाटत नाही, पण भाव बघताना हे डोक्यात असावं.

एअरबस ए३२० मध्ये पंखांवर सहसा दोन-दोन दारं असतात आणि म्हणून अशा दोन रांगा. या दोन्ही सारख्या नाहीत. पुढच्या रांगेची पाठ मागे होत नाही, कारण ती मागच्या दाराच्या वाटेत येईल. मागच्या रांगेला तुमची पाठ मागे जाते आणि पुढच्याची तुमच्या अंगावर येत नाही. दोन्हींचा भाव मात्र बहुतेकदा एकच. तेव्हा घ्यायचीच तर मागची घ्या. आणि या दोन्हींच्या लगेच पुढे असलेली साधी रांग टाळा. तिचीही पाठ बऱ्याचदा हलत नाही.

तोटे म्हणजे विमान चढताना-उतरताना सगळं सामान वर, पर्ससुद्धा. दाराजवळ पायांना गार लागतं. क्रू येऊन दार कसं उघडायचं ते सांगते आणि तुम्ही मदत कराल का विचारते. हो म्हणायचं असेल तरच तिथे बसावं.

आणि ही सीट सगळ्यांसाठी नाही. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, मांडीवर बाळ असलेले, सीटबेल्टला जोडपट्टी लागणारे, व्हीलचेअर मागितलेले आणि वयस्क प्रवासी यांना तिथे बसवत नाहीत. हे मी पैसे देऊन शिकलो. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. तिला पाय लांब करता यावेत म्हणून मी कौतुकाने हीच सीट घेतली. कंपनीच्या साइटने वय विचारलं नाही, पैसे घेतले. विमानात क्रूने नम्रपणे तिला उठवून मागे मधल्या सीटवर बसवलं. क्रूचं बरोबरच होतं. पैसे परत यायला चार ईमेल आणि सात आठवडे लागले.

पहिली रांग

आपल्याकडे हिला मान जास्त आणि भावही सहसा सगळ्यात जास्त. जानेवारी २०२४ मध्ये इंडिगोने इंधन अधिभार काढला आणि पाठोपाठ पुढच्या रांगेतल्या खिडकी-आईलचा दर २,००० रुपयांपर्यंत नेला. मधली १,५००. मधली सीट दीड हजाराला!

पण पाय लांब असतील तर ही सीट फसवते. पुढे सीट नसते, भिंत असते. गुडघे मोकळे राहतात, पावलं मात्र भिंतीला टेकतात, कारण खाली सरकवायला समोर सीटच नाही. समोर सीट नसल्यामुळे ट्रे हाताच्या दांडीत लपवलेला असतो. त्या दांड्या जाड असतात आणि वर होत नाहीत, त्यामुळे कमरेला जागा कमी. शिवाय टॉयलेटची रांग बऱ्याचदा तुमच्याच समोर उभी राहते.

ज्यांना लवकर उतरायचं आहे, ज्यांना गुडघा वाकवून उठायला त्रास होतो, पण पाय फार लांब नाहीत, त्यांना ही छान. आईला आता मी हीच घेतो.

कोल्हापूर, नाशिक, सोलापूर, सिंधुदुर्ग अशा विमानतळांवर एटीआरसारखी पंख्याची छोटी विमानंही उतरतात. एटीआरचं प्रवाशांचं दार मागच्या बाजूला असतं. पहिल्या रांगेचे पैसे भरून तुम्ही सगळ्यात शेवटी उतरता.

प्रीमियम इकॉनॉमी

इथे हिशोब बदलतो, कारण इथे कंपनीने खरोखर सीट काढलेल्या असतात. इंडिगोच्या ए३२० निओमध्ये १८० किंवा १८६ प्रवासी बसतात. एअर इंडियाने त्याच विमानाची तीन वर्गांची मांडणी केली ती ८ बिझनेस, २४ प्रीमियम इकॉनॉमी आणि १३२ इकॉनॉमी, म्हणजे १६४. त्या कमी झालेल्या सीटचं भाडं कुणीतरी भरणारच.

पण नावावर जाऊ नका. ए३२० मधल्या प्रीमियम इकॉनॉमीचा पिच ३२ इंच, त्यांच्याच लांब पल्ल्याच्या ए३५० मध्ये ३८. नाव एकच आणि फरक सहा इंचांचा. ३२ म्हणजे मागच्या इकॉनॉमीपेक्षा तीन-चार इंच जास्त. माझ्या गुडघ्यासाठी तेवढं भरपूर आहे, पण इमर्जन्सी रांगेएवढं नाही.

आणि कर. इकॉनॉमीच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के. त्यावरच्या वर्गांवर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून १८ टक्के झाला. समजा मूळ भाडं इकॉनॉमीचं ६,००० आणि प्रीमियमचं ८,५००. कर धरून ६,३०० आणि १०,०३०. फरक २,५०० चा वाटतो, खिशातून जातात ३,७३०. त्यातले १,२३० सरकारला. सोबत जादा सामान, आधी चढणं वगैरे मिळत असेल आणि ते तुम्हाला तसंही विकत घ्यावं लागणार असेल, तरच ही तुलना बरोबरीची होते. फक्त पायांसाठी मी देशांतर्गत प्रवासात ही घेत नाही.

इंडिगोनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली–मुंबईवर 'स्ट्रेच' नावाने पुढे बारा मोठ्या सीट टाकल्या, पिच ३८ इंच. सुरुवातीचा भाव १८,०१८ रुपये होता. तुमचं ऑफिस पैसे भरत असेल तर खुशाल बसा.

लांब पल्ला: इथे हात आखडू नका

आईवडील मुलांकडे न्यू जर्सीला किंवा बे एरियात निघालेत, तेव्हा पंधरा-सोळा तासांचा प्रश्न असतो आणि तो फक्त आरामाचा राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांपेक्षा जास्त वेळ बसून प्रवास केला की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसात तरीही तो सहा हजारांत एक इतका कमी आहे, घाबरून जायचं कारण नाही. मला त्यात वेगळंच काही आवडलं. धोका जास्त असलेल्यांच्या यादीत १९० सेंटीमीटरपेक्षा उंच माणसं आहेत आणि १६० पेक्षा बुटकीही. अशी बुटकी माणसं बसली की पावलं नीट जमिनीला टेकत नाहीत आणि सीटची कड मांडीखाली दाबते. त्यांना पाच इंच जादा जागा देऊन उपयोग नाही, पायाखाली बॅग ठेवून उपयोग आहे. आपल्या आया-मावश्यांपैकी किती जणी १६० च्या खाली आहेत बघा. त्यांच्यासाठी आईल घ्यावी आणि दर दीड-दोन तासांनी उठवावं. मोठ्या विमानात पहिल्या रांगेच्या भिंतीला बाळांचे पाळणे लावतात, हेही लक्षात असू द्या.

उंच माणसाने मात्र इथे पैसे भरावेत. तासाला किती पडतात ते काढा. आठ हजारांची सीट सोळा तासांना तासाला ५०० रुपये. पुणे–दिल्लीच्या सव्वादोन तासांना १,१०० दिले तर तेही तासाला जवळपास तेवढेच, पण दुखणं तेवढं नसतं.

अमेरिकी कंपन्यांनी हा धंदा आपल्या खूप आधी ओळखला. युनायटेडने 'इकॉनॉमी प्लस' १९९९ मध्येच आणलं. तिथल्या सिनेट समितीच्या २०२४ च्या अहवालानुसार पाच कंपन्यांनी २०१८ ते २०२३ या काळात फक्त सीटच्या शुल्कातून १२.४ अब्ज डॉलर मिळवले, आणि २०२३ मध्ये युनायटेडची सीटची कमाई सामानाच्या शुल्कापेक्षा जास्त होती. वर्षानुवर्षं 'या आणि बसा' म्हणणाऱ्या साउथवेस्टनेही जानेवारी २०२६ पासून ठरावीक सीट आणि जादा जागेचे वेगळे पैसे सुरू केले.

एक सावधगिरी. ऐनवेळी विमान बदललं तर सीट नंबर तोच राहतो, पण इमर्जन्सीची रांग दुसरीकडे सरकलेली असते. बोर्डिंग पास हातात आल्यावर सीटच्या नकाशाशी पुन्हा ताडून बघा, पैसे भरल्याच्या पावतीचा स्क्रीनशॉट ठेवा आणि जागा मिळाली नाही तर तिथेच काउंटरवर लिहून घ्या. घरी येऊन ईमेल करणं म्हणजे सात आठवडे.

मामेभावाचं माप साडेबावीस भरलं. त्याने काहीच निवडलं नाही. शनिवारी पहाटे विमानातून फोटो आला, २७-ई, मधली. दोन्ही बाजूंना झोपलेली माणसं, आणि खाली एकच ओळ: "गुडघे ठीक आहेत, कोपरांचं काय?"