कॅम्बर बोल्ट आणि ॲडजस्टेबल रिअर आर्म: घरी बसवल्यानंतर काही महिन्यांचा अनुभव

गाडी खाली बसवली, म्हणजे लोअरिंग स्प्रिंग टाकले, की चाकं वरच्या बाजूने आत झुकतात (चाकाच्या या झुकावाला कॅम्बर म्हणतात, आत झुकलं तर ऋण, बाहेर झुकलं तर धन) आणि टायरची आतली कड झिजायला लागते. बऱ्याच गाड्यांत कंपनीकडून पुढे फक्त टो (वरून पाहिल्यावर चाकाची पुढची बाजू किती आत किंवा बाहेर वळलेली आहे ते) सेट करायची सोय असते, कॅम्बरची नसते. म्हणून पुढे कॅम्बर बोल्ट आणि मागे लांबी बदलता येणारे वरचे आर्म (सस्पेन्शनचे दांडे) बसवले. काही महिन्यांच्या वापरानंतरचं मत असं: दोन्ही पार्ट टिकतात, पण बोल्ट कसे आणि कुठल्या स्थितीत घट्ट केले, यावरच सगळं ठरतं. महागडा सेट चुकीच्या पद्धतीने आवळला तर साध्या सेटपेक्षाही लवकर खडखडतो.

आधी कॅम्बर बोल्ट. मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) खाली नकलला, म्हणजे चाकाचा हब धरणाऱ्या भागाला, दोन बोल्टांनी जोडलेला असतो. त्यातला वरचा मूळ बोल्ट काढून त्याजागी हा घालायचा. याची दांडी मूळ बोल्टपेक्षा बारीक असते आणि मधे एक उंचवटा असतो. बोल्ट फिरवला की उंचवटा नकलला आत किंवा बाहेर ढकलतो. पल्ला साधारण दीड अंशापर्यंत मिळतो. दोन्ही भोकांत कॅम्बर बोल्ट घालून पल्ला वाढवता येतो, पण चाकाचा सगळा भार दोन बारीक बोल्टांवर देणं पटत नाही. खालचा बोल्ट मूळ जाडीचाच ठेवावा. डोक्यावर १०.९ किंवा १२.९ हा मजबुतीचा दर्जा कोरलेला नसेल तर तो सेट घेऊच नये.

मूळ बोल्टच्या मानेला बऱ्याचदा दाते असतात. असा बोल्ट फिरवून काढला की भोक खराब होतं. डोकं पान्याने धरून फक्त नट सोडवायचा, मग नट टोकाच्या पातळीपर्यंत परत चढवून त्यावर हातोडा मारायचा, म्हणजे आटे वाचतात. गंज असेल तर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. बोल्ट निघाला की नकल बाहेर कलंडतो, आणि इथेच नुकसान होतं: ब्रेक होज ताणला जातो, एबीएसची वायर खेचली जाते, ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटू शकतो. नकल आधी तारेने किंवा पट्ट्याने स्प्रिंगला बांधून ठेवावा. आणि गाडी जॅक स्टँडवरच हवी, नुसत्या जॅकवर कधीच नाही.

वरच्या भोकात उंचवटा बाहेरच्या बाजूला आला की कॅम्बर कमी ऋण होतो, आतल्या बाजूला आला की जास्त ऋण. बोल्टच्या डोक्यावर उंचवट्याच्या दिशेची खूण नसेल तर बसवण्याआधी पेंटने करून घ्यावी, कारण आत गेल्यावर काहीच दिसत नाही. सेट करून झाल्यावर डोकं धरून ठेवायचं आणि टॉर्क (ठरलेल्या जोराने आवळणं) नटला द्यायचा. डोकं तसूभर फिरलं तरी सेटिंग गेलं. टॉर्कचा आकडा पार्टसोबतच्या कागदावरचा घ्यावा, गाडीच्या मॅन्युअलमधला नाही. बोल्ट बारीक आहे, मूळ बोल्टचा टॉर्क दिला तर तो ताणला जातो. आट्यांना तेल किंवा ग्रीस लागलं असेल तर त्याच टॉर्कला ताण जास्त बसतो, म्हणून कागदावर कोरडे आटे लिहिलं असेल तर पुसून कोरडेच करावेत. लॉकिंग नट नवेच वापरावेत.

जास्त ऋण कॅम्बर देणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की बघावी: चाकाचा वरचा भाग स्ट्रटच्या जवळ येतो. टायर आणि स्ट्रटमध्ये निदान ५-६ मिमी फट राहिली पाहिजे. रुंद टायर असेल तर कॅम्बर द्यायच्या आधीच ही फट मोजावी.

मागचे आर्म बसवायला सोपे वाटतात, पण चुका इथेच जास्त होतात. जुना आणि नवा आर्म शेजारी ठेवून दोन्हींच्या भोकांतून एकेक गज आरपार घालावा आणि नव्याची लांबी तंतोतंत जुळवावी. ही सुरुवातीची लांबी. आर्मच्या एका टोकाला सरळ आणि दुसऱ्याला उलटे आटे असतात. पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ मिमी असेल तर एका पूर्ण फेरीत लांबी ३ मिमी बदलते. वरच्या आणि खालच्या आर्ममध्ये उभं अंतर २०० मिमी असेल तर तेवढ्याने कॅम्बर सुमारे ०.८५ अंश बदलतो. म्हणून पाव फेरीच्या हिशेबाने पुढे जावं. दोन्ही टोकांचे आटे व्यासाच्या निदान दीडपट आत राहिले पाहिजेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आर्मच्या टोकातल्या रबर बुशची आतली नळी बोल्टने ब्रॅकेटमध्ये दाबली जाते आणि हालचाल रबर पिळून होते. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट पक्का केला तर रबर त्या स्थितीत जखडतं. गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं, मागची बाजू थोडी उंच दिसते आणि काही महिन्यांत बुशला गोल चिरा पडतात. उपाय सोपा आहे. काम सुरू करण्याआधी, गाडी जमिनीवर असताना, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवायचं. बोल्ट पक्के करताना हबखाली जॅक लावून तेच अंतर येईपर्यंत उचलायचं आणि मगच टॉर्क द्यायचा. जॅकमुळे गाडी स्टँडवरून उचलली जात नाही ना, हे बघत राहावं.

पॉलियुरेथेन बुशमध्ये नळी मोकळी फिरते, त्यामुळे ही अट नाही, पण सोबत दिलेलं ग्रीस नीट भरलं नाही तर कुरकुर सुरू होते. गोलाकार बेअरिंगचे आर्म रोजच्या गाडीसाठी घेऊ नयेत. त्यात चिखल-धूळ जाते, प्ले (सैलपणा) येतो आणि प्रत्येक खड्ड्यात टकटक ऐकू येते. हेडलाइट लेव्हलिंगच्या सेन्सरची काडी काही गाड्यांत मागच्या आर्मवरच असते. नव्या आर्मला तिची जागा आहे का, ते खरेदीआधी बघावं.

क्रम असा: आधी मागचं सगळं, मग पुढचा कॅम्बर, टो सगळ्यात शेवटी. कॅम्बर हलवला की टो हलतोच, आणि टायर सर्वात वेगाने खातो तो चुकलेला टो. कॅम्बर मोजायला ०.१ अंश दाखवणारा डिजिटल कोनमापक पुरतो. नसेल तर ओळंबा सोडावा: १६ इंची रिमच्या वरच्या आणि खालच्या काठात ७ मिमी फरक म्हणजे साधारण १ अंश. टोसाठी दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर दोऱ्या ताणाव्यात. पुढचा आणि मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) वेगळा असतो, म्हणून हबपासून दोरीचं अंतर प्रत्येक ॲक्सलवर डावी-उजवीकडे सारखं करावं, पुढे-मागे नाही. रिमचा पुढचा काठ दोरीपासून मागच्या काठापेक्षा लांब असेल तर टो-इन. १ मिमी फरक म्हणजे एका चाकाला सुमारे ०.१४ अंश.

गाडी स्टँडवरून उतरवली की टायर आखडून बसतात आणि रीडिंग खोटं येतं. गाडी थोडी पुढे-मागे ढकलावी, किंवा टायरखाली मधे ग्रीस लावलेल्या प्लास्टिकच्या दोन शीट ठेवाव्यात. टो बदलायला टाय रॉड फिरवण्याआधी स्टीअरिंग रॅकच्या बेलोजची (घड्यांच्या रबरी झाकणाची) क्लिप सैल करावी, नाहीतर बेलोज पिळून फाटतो. एवढं करूनही शेवटी मशीनवर एकदा तपासून घ्यावं. दोरीने टो जवळपास येतो, पण स्टीअरिंग अँगल सेन्सरचं कॅलिब्रेशन दोरीने होत नाही.

महिन्यांनंतरची स्थिती: पुढचा कॅम्बर जागचा हललेला नाही आणि टायरची आतली कड झिजायची थांबली आहे. ट्रेडवर हात फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागलं तर टो चुकला समजावं. तसं काही लागत नाही. मागच्या आर्मचे चेक नट (लांबी जागेवर धरून ठेवणारे) मात्र लक्ष मागतात. सुरुवातीच्या शंभरेक किलोमीटरनंतर ते तपासावेत आणि नटावरून आर्मवर पेंटची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली तर नट सरकला. उघड्या आट्यांवर पाणी-चिखलाने गंज धरतो आणि पुढच्या वेळी आर्म फिरतच नाही, म्हणून आट्यांवर अँटी-सीझ (आटे जखडू न देणारी पेस्ट) लावून वर रबरी टोपी चढवावी.

मोठ्या खड्ड्यात चाक आपटल्यानंतर गाडी अचानक एका बाजूला ओढायला लागली तर आधी कॅम्बर बोल्टचा टॉर्क आणि डोक्यावरची खूण बघावी. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक पडला की गाडी कॅम्बर जास्त धन असलेल्या बाजूला ओढते, आणि तिथूनच कुठला बोल्ट घसरला ते कळतं.